गुलमर्गला स्की शिकायला जाताना: मुंबईहून आखणी कशी करावी

मुंबईहून निघणाऱ्या काश्मीर सहलींमध्ये गुलमर्ग बहुतेक वेळा एका दिवसात उरकलं जातं. सकाळी श्रीनगरहून निघायचं, घाटाच्या पायथ्याच्या टंगमर्गला भाड्याचे कोट आणि गमबूट चढवायचे, गोंडोलात, म्हणजे केबल कारमध्ये बसून फोटो काढायचे आणि अंधार पडायच्या आत हाउसबोटीवर परत. ज्यांना बर्फ नुसता पाहायचा आहे त्यांना हे पुरतं. पण स्की शिकायचं मनात असेल तर सगळी आखणीच वेगळी करावी लागते, आणि त्यासाठीच हे लिहिते आहे. माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे: मुक्काम वर गुलमर्गलाच करा आणि कमीत कमी पाच रात्री तिथून हलू नका. पहलगाम, सोनमर्ग पुन्हा कधीतरी. शिकायला सलग दिवस लागतात, आणि त्यातला एखादा हवामान खाणारच.

आम्ही चौघं गेलो होतो: मी, नवरा, नववीतली मुलगी आणि सासूबाई. उत्तराखंडातल्या औलीचा आणि मनालीजवळच्या सोलांगचाही विचार झाला होता. औलीचे उतार नवशिक्यांना फार चांगले, गढवाल मंडल विकास निगमचे ७ आणि १४ दिवसांचे वर्गही तिथे चालतात. पण मुंबईहून डेहराडून आणि पुढे जोशीमठपर्यंतचा घाटरस्ता वयस्कर माणसाला अंगावर येतो, आणि जोशीमठची जमीन खचू लागल्यावर जानेवारी २०२३ मध्ये तिथला रोपवेही बंद झाला. सोलांगचा उतार लहान आहे आणि गर्दी मोठी. गुलमर्गला श्रीनगरच्या विमानतळावरून दोन-अडीच तासांत पोहोचता येतं, आणि शिकण्यापासून ते थेट गावामागच्या अफरवट डोंगराच्या खांद्यावरून उतरण्यापर्यंत सगळ्या पायऱ्या एकाच गावात आहेत. इथे स्कीची परंपराही जुनी आहे. स्की क्लब ऑफ इंडिया १९२७ साली इथेच सुरू झाला. ज्या कुणाला दोन आठवडे काढता येतील त्यांनी मात्र संस्थांचे वर्ग जरूर पाहावेत. गुलमर्गला पर्यटन मंत्रालयाची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ स्कीइंग अँड माउंटेनिअरिंग आहे, आणि मनालीच्या अटल बिहारी वाजपेयी पर्वतारोहण संस्थेचा पायाभूत स्की वर्ग १४ दिवसांचा असतो. शिस्त आणि शिकवणं दोन्ही उत्तम. नोकरदार कुटुंबाला ते जमत नाही, म्हणून खासगी प्रशिक्षक.

कधी जायचं हा सगळ्यात अवघड प्रश्न. मुंबईच्या शाळांना नाताळची सुट्टी सोयीची असते, पण त्या वेळी बर्फाची खात्री नसते. काश्मीरचा कडक हिवाळा, चिल्लई कलान, २१ डिसेंबरला सुरू होतो आणि ४० दिवस चालतो. त्यानंतर २० दिवसांचं चिल्लई खुर्द आणि १० दिवसांचं चिल्लई बच्चा. जमिनीवर बर्फाचा जाड थर साचायला यातला बराचसा काळ जावा लागतो. आणि हल्ली तेही बेभरवशाचं झालं आहे. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गचे उतार जवळपास महिनाभर कोरडे होते, बर्फ आला तो महिना संपताना. २०२५ मध्ये खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा बर्फ नाही म्हणून फेब्रुवारीतून पुढे ढकलून मार्चमध्ये घ्याव्या लागल्या. नवशिक्यांसाठी फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा मला सर्वांत बरा वाटतो: थर साचलेला, दिवस थोडा मोठा झालेला, थंडी किंचित उतरलेली. घरात दहावी-बारावी असेल तर ते वर्ष सोडाच. प्रजासत्ताक दिनाच्या आसपास श्रीनगरला बंदोबस्त कडक असतो, तेव्हा त्या आठवड्यात विमानप्रवास ठेवू नका.

मुंबईहून श्रीनगरला थेट विमानं आहेत, साधारण तीन तासांची. जाताना दिवसाचं पहिलं विमान घ्या, म्हणजे हवामानामुळे खोळंबा झाला तरी दिवस हाताशी उरतो. परतीचं विमान असेल त्याच्या आदल्या रात्री मात्र श्रीनगरला खाली येऊन राहा. वर रात्रभर बर्फ पडला तर टंगमर्गपर्यंतचा १३ किलोमीटरचा घाट सकाळी साफ होईपर्यंत थांबावं लागतं, आणि विमान कुणासाठी थांबत नाही. शिवाय श्रीनगर विमानतळाच्या बाहेरच्या फाटकावरच गाडीतून उतरून सामान तपासून घ्यावं लागतं, म्हणून तीन तास हाताशी ठेवा. रेल्वेची आवड असेल तर वांद्रे टर्मिनसहून कटऱ्याला स्वराज एक्स्प्रेस जाते, आणि जून २०२५ पासून कटरा ते श्रीनगर वंदे भारत चिनाबवरच्या ३५९ मीटर उंच पुलावरून सुमारे तीन तासांत पोहोचवते. कटऱ्याला एक रात्र काढावी लागेल. वेळ असेल त्यांनी नक्की जावं.

टंगमर्गच्या वरच्या घाटात ताज्या बर्फात साधी गाडी जात नाही. चाकांना साखळ्या लावलेली किंवा चारही चाकं ओढणारी गाडी लागते. हे हॉटेलला आधीच विचारून ठेवा. आम्हाला श्रीनगरच्या गाडीवाल्याने टंगमर्गला उतरवून दिलं, आणि पुढची गाडी हॉटेलने सांगून ठेवली होती म्हणून सासूबाईंना थंडीत ताटकळावं लागलं नाही.

आता तयारी. स्कीला दम लागतो त्याहून जास्त मांड्या लागतात. दिवसभर गुडघे वाकवून, वजन पुढे ठेवून उभं राहायचं असतं. निघायच्या आधी दोन महिने भिंतीला पाठ टेकवून खुर्चीत बसल्यासारखं राहायचा व्यायाम रोज करा, लिफ्ट सोडून जिने चढा, आणि मुख्य म्हणजे उतरा. रविवारी राष्ट्रीय उद्यानातल्या कान्हेरीपर्यंतचा चढ-उतार उत्तम. सह्याद्रीत भटकणाऱ्यांना हे सोपं जाईल, पण उंचीचा अंदाज असू द्या: कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटरवर आहे, तर गुलमर्ग गावच सुमारे २,६५० मीटरवर. पहिल्या दिवशी नुसतं चालून-फिरून घ्या, भरपूर पाणी प्या, स्कीला हात लावू नका.

कपड्यांवर अफाट खर्च करायची गरज नाही. अंगालगत थर्मल, त्यावर फ्लीस, त्यावर वारा-पाणी न शिरू देणारं जाकीट. पावसाळी ट्रेकचं चांगलं जाकीट असेल तर तेच वरचा थर म्हणून चालतं. वॉटरप्रूफ पँट, बूट, स्की, पोल आणि हेल्मेट तिथे भाड्याने मिळतात. सुती बनियन आणि जीन्स घरीच ठेवा, घामाने ओली झाली की वाळत नाहीत आणि अंग गार पडतं. हातमोजे, गॉगल आणि सनस्क्रीन मात्र स्वतःचं आणि चांगलं घ्या. ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरणं परत फेकतो, हनुवटीखालीसुद्धा त्वचा भाजते.

मोबाइलचं आधीच पाहा. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेडच लागतं. घरातल्या एकाचं तरी पोस्टपेड असू द्या. थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते, म्हणून फोन आतल्या खिशात. वीज जाते, तेव्हा हॉटेल ठरवताना खोली कशी गरम करतात हे स्पष्ट विचारा: बुखारी (लाकूड-कोळशाची शेगडी), हीटर की नुसतं विजेचं ब्लँकेट? जनरेटर रात्रभर चालतो का? खोलीतून डोंगर किती दिसतो यापेक्षा हे प्रश्न महत्त्वाचे आहेत. शाकाहारी मंडळींचे हाल होत नाहीत. राजमा, हाक (काश्मिरी पालेभाजी) आणि नदरू, म्हणजे कमळकाकडी, छान मिळते. सासूबाईंनी मेतकूट नेलं होतं, ते मऊ भाताबरोबर सगळ्यांनीच खाल्लं.

आता खरं शिकणं. बूट निवडायला अर्धा तास गेला तरी चालेल, घाई करू नका. नडगीला बूट घट्ट बसला पाहिजे, पुढे वाकल्यावर टाच उचलली जाता कामा नये, आणि आत मोज्यांची एकच जोडी. दोन घातल्या की सुरकुत्या पडून पाय सोलतो आणि रक्ताभिसरण अडून उलट जास्त गारठतो. बाइंडिंग म्हणजे बुटाला स्कीवर धरून ठेवणारी पकड. पडल्यावर ती सुटली नाही तर गुडघा पिरगळतो. वजन, उंची, वय आणि तुम्हाला किती येतं हे सांगून ती आपल्यासमोर जुळवून घ्या. दुकानदाराने न विचारताच स्की हातात दिल्या तर दुसऱ्या दुकानात जा.

प्रशिक्षक ठरवताना त्याचा परवाना पाहायला मागा, आणि एका प्रशिक्षकामागे तीनपेक्षा जास्त नवशिके नकोत. आमचा प्रशिक्षक बारामुल्ल्याच्या बाजूचा तरुण होता. पहिल्या दिवशी त्याने आम्हाला उतारावर वर नेणाऱ्या लिफ्टजवळ फिरकूही दिलं नाही. सपाटीवर एका स्कीवर सरकणं, मग आडवं पाऊल टाकत उतार चढणं, मग बाजूला पडणं आणि उठणं. उठणं हाच मोठा भाग आहे: दोन्ही स्की उताराला आडव्या करून डोंगराकडच्या अंगाने उठायचं. त्यानंतर पुढची टोकं जवळ आणि मागची लांब ठेवून वेग मोडायचा स्नोप्लाउ. मी सारखी स्कीच्या टोकांकडे बघत होते, तेव्हा तो शांतपणे म्हणाला, “दीदी, नीचे मत देखो. जहाँ जाना है, वहाँ देखो.” त्या एका वाक्याने मला वळणं जमू लागली. मान वर झाली की खांदे आपोआप वळतात आणि वजन बाहेरच्या पायावर जातं. मुलीला हे दुपारपर्यंत जमलं, मला दुसऱ्या दिवशी, आणि त्या दिवशी संध्याकाळी आपण आपल्या मर्जीने थांबू शकतो हे कळल्यावर जो आनंद झाला तो शब्दांत मावत नाही.

गोंडोला शेवटी ठेवा. पहिला टप्पा कोंगडूरीपर्यंत, सुमारे ३,०८० मीटर, १९९८ मध्ये सुरू झाला. दुसरा २००५ मध्ये, अफरवटच्या खांद्यावर जवळपास ३,९५० मीटरपर्यंत. तिकिटं केबल कार कॉर्पोरेशनच्या संकेतस्थळावरच आधी काढा. दलालाकडून घेऊ नका. दुसरा टप्पा वारा सुटला किंवा ताजा बर्फ पडला की बंद असतो, त्यामुळे तो अमुक दिवशी होईलच असं धरून चालू नका. वर प्राणवायू समुद्रसपाटीच्या मानाने ६० टक्क्यांच्या आसपास असतो. सासूबाईंना आम्ही पहिल्या टप्प्यापर्यंतच नेलं आणि तिथे कहवा पीत त्या तासभर आनंदाने बसल्या.

दुसऱ्या टप्प्यावरून स्कीने उतरणं नवशिक्यांचं काम नाही. स्की पेट्रोल, म्हणजे उतारांवरचं गस्ती पथक, मधल्या कटोऱ्यासारख्या भागातले बर्फाचे धोकादायक थर पाडून तो मोकळा करतं, पण त्याच्या बाहेरचे उतार बेलगाम आहेत. फेब्रुवारी २०२३ मध्ये अफरवटवर हिमस्खलनात दोन पोलिश स्कीअर गेले, फेब्रुवारी २०२४ मध्ये एक रशियन. सराईत माणसांनीही ट्रान्सीव्हर (बर्फाखाली गाडलेल्याचा ठाव देणारं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी), फावडं आणि स्थानिक गाइड याशिवाय तिकडे जाऊ नये. एखादा गाइड “कुछ नहीं होगा” म्हणत हद्दीच्या दोरीपलीकडे नेऊ लागला तर ठामपणे नाही म्हणा.

गाडीतून उतरलात की स्लेजवाले आणि घोडेवाले भोवती जमतील. हिवाळ्यातली त्यांची कमाई याच काही आठवड्यांची असते, त्यामुळे तुसडेपणा नको. नको असेल तर एकदाच, हसून सांगा. हवं असेल तर भाव आधी ठरवा आणि जाऊन-येऊन किती ते स्पष्ट करा. सासूबाईंना सेंट मेरीज चर्चपर्यंत स्लेजवरून नेणाऱ्या काकांनी वाटेत तीनदा थांबून त्यांची शाल नीट केली होती.

फेब्रुवारीचा बेत असेल तर दिवाळीच्या सुमारास कामाला लागा. आधी हॉटेल, तेही तारीख पुढेमागे करू देणारं. मग विमान. मग प्रशिक्षकाशी बोलणं. विमा घेताना त्यात स्की धरलेली आहे का हे पॉलिसीत वाचून घ्या, कारण बऱ्याच प्रवासविम्यांत साहसी खेळ वगळलेले असतात. जानेवारी अखेरपासून हवामान खात्याचे काश्मीरचे अंदाज रोज बघत राहा, आणि बर्फ पुरेसा नसेल तर तारीख हलवायला कचरू नका.