पातंच पुलर झालं

हँडल लोण्यासारखं फिरलं, आणि तिथेच मला शंका आली.

मशीन म्हणजे मांस कापायचा उभा बँडसॉ. ४०० मिलिमीटरची दोन चाकं, वर एक आणि खाली एक, आणि त्यांच्यावरून फिरणारं सोळा मिलिमीटर रुंद पातं. आठ महिने बंद होता. मालकांनी फोनवर सांगितलं होतं, "सगळंच जाम आहे. वरचं चाक फिरत नाही, पातं निघत नाही, गाईडचा दांडा जागचा हलत नाही." आता ज्या मशीनवर सगळंच जाम आहे, तिथे पात्याचा ताण सोडायचं हँडल असं सुळकन फिरायला नको. मी ते पंधराएक फेरे उलटं फिरवलं. आत टॉर्च मारला, तर स्प्रिंग पूर्ण मोकळी झालेली, तिच्याखालचा वॉशर खुळखुळत होता. पात्याला नखाने टिचकी मारली. टण्ण!

भाचा सोबत होता. आयटीआय झाल्यापासून माझ्याबरोबर येतो. म्हणाला, "मामा, स्प्रिंग सैल आहे तर पातं ताठ कसं?"

प्रश्न बरोबर होता. वरचं चाक एका स्लाइडवर बसवलेलं असतं. स्प्रिंग त्या स्लाइडला वर ढकलते, पातं खाली ओढतं. दोघांची बरोबरी झाली की ताण बसतो. इथे स्लाइड वरच्या वर गंजून चिकटली होती. स्क्रूने आपलं काम केलं, स्प्रिंग उतरली, पण चाक तिथेच. आता पात्याचा सगळा ताण गंजाने धरून ठेवला होता.

हा ताण किती, याचा अंदाज काढता येतो. सोळा बाय अर्धा मिलिमीटर म्हणजे आठ चौरस मिलिमीटर पोलाद. प्रत्येक चौरस मिलिमीटरला साधारण १२५ न्यूटन धरले तर पात्याच्या एका बाजूला १०० किलोच्या आसपास ओढ. बाजू दोन, म्हणजे चाकावर २०० किलो. भाच्याने तोवर पत्रा कापायची कात्री उचलली होती.

"कापू?"

"ठेव ती खाली. आधी दोन्ही दारं लाव."

ताठ पातं कापलं तर ते सापासारखं उसळतं आणि दातांसकट कुठे जाईल सांगता येत नाही. पण मी थांबवलं ते फक्त त्यासाठी नाही. इतके दिवस वर ढकलणारी स्प्रिंग आणि खाली ओढणारं पातं एकमेकांना तोलून धरत होते, त्यामुळे स्लाइडवर तसं काहीच जोर नव्हता. आता स्प्रिंग सोडल्यावर ती २०० किलोची ओढ एकट्या गंजावर आली होती, आणि नेमकी आम्हाला हवी त्या दिशेने. इतका सरळ, मधोमध ओढणारा पुलर, म्हणजे अडकलेला भाग ओढून काढायचं हत्यार, मी विकत घेऊन आणला तरी बसवायला जागा नव्हती. कापलं असतं तर फुकटचा पुलर गेला असता.

आमचं सुदैव असं की या मशीनची स्लाइड मागच्या बाजूने दिसते. पुढची दारं बंद ठेवून काम करता आलं. स्लाइडच्या खाली लाकडाचा ठोकळा ठेवला, मध्ये बोटभर फट ठेवून, म्हणजे एकदम सुटलीच तर चाक घेऊन खाली आदळणार नाही. प्लग आधीच काढला होता आणि तो माझ्या नजरेसमोर बाकावर होता. लाल बटण दाबलंय म्हणजे मशीन बंद आहे, असं मी मानत नाही.

मग तेल. बाजारात गंज सोडवायचे स्प्रे मिळतात, पण मी ऑटोमॅटिक गिअरचं तेल आणि अ‍ॅसिटोन अर्धं-अर्धं मिसळून वापरतो. बाटली दरवेळी हलवावी लागते, कारण दोन्ही नीट मिसळून राहत नाहीत. अ‍ॅसिटोन पेट घेतं, त्यामुळे हे वापरलं की त्या दिवशी ज्योत नाही, हीट गनही नाही. सकाळ-संध्याकाळ फटीत सोडायचं आणि पितळी हातोडीने स्लाइडच्या बगलेवर टकटक करत राहायचं. वरून खाली ठोकायचं नाही. ठोके हलवायला नसतात, गंजाच्या थराला बारीक तडे पाडून तेलाला वाट करून द्यायला असतात. भाच्याला हे दोन दिवस फार जड गेले. त्या वयात मलाही गेले असते.

तिसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास बगलेवर सातवा-आठवा ठोका पडला आणि आतून बारीकसा 'टक' आवाज आला. दार उघडून टिचकी मारली. थप्प. पातं सुटलं होतं. स्लाइड किती उतरली पाहिलं तर जेमतेम सव्वा मिलिमीटर. तेवढंच होणार होतं. पोलादाचं पातं ताणलं तरी लांबतं किती, साडेतीन मीटरच्या वेढ्यात दोन-अडीच मिलिमीटर. त्याच्या निम्मं चाक खाली आलं की ओढ संपली. पुढचं सगळं लाकडी हातोड्याने, वर-खाली, वर-खाली, दरवेळी थोडं तेल. पण पहिला मिलिमीटर पात्यानेच काढून दिला.

हे झालं कशाने, तर धुण्याने. मालक बिचारे सारखं सांगत होते, "आम्ही नीट धुऊन ठेवलं होतं हो." खरंच धुतलं होतं. प्रेशरच्या फवाऱ्याने, आतून-बाहेरून, आणि ओलं असतानाच दारं लावून टाकली, पातं ताणलेलं तसंच. फवारा पाणी अशा फटीत घुसवतो जिथून ते परत बाहेर येत नाही. त्यात मिठाचा अंश, जंतुनाशकातला क्लोरीन. गंज लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा घेतो, त्यामुळे जिथे दोन-तीन दशांश मिलिमीटरची मोकळीक होती तिथे पाचर बसते.

गाईडच्या दांड्याची गोष्ट मात्र वेगळी, आणि तिथे मीही एक दिवस फुकट घालवला. पात्याला वरून आधार देणारा गाईड ज्या चौकोनी दांड्यावर असतो तो कापायच्या तुकड्याच्या उंचीनुसार वर-खाली करायचा असतो. सगळीकडे गंज दिसत होता म्हणून इथेही तेल सोडलं. दुसऱ्या दिवशी दांडा तसाच, नुसता तेलकट. मग नीट बघितलं. दांडा स्टेनलेसचा, त्यावर गंजाचा ठिपकाही नाही. खाचेच्या तोंडाशी एक पिवळट, काचेसारखा कडक थर. नखाने खरवडला, निघेना. पाण्याचं बोट लावून मिनिटभर थांबलो तर बोट चिकट झालं.

सरस! लाकूडकामातला जुना सरस कशाचा बनतो? हाडं आणि कातडी उकळून. या मशीनवर हाडाचा भुसा दिवसभर उडतो, चरबीत कालवला जातो, खाचेत जाऊन बसतो. वर गरम पाणी मारलं की त्यातल्या कोलॅजेनचं जिलेटिन होतं आणि वाळलं की दांडा चिकटवून टाकतं. आठ महिने बंद मशीनमध्ये त्याला वाळायला वेळच वेळ. तेलाचा त्याच्याशी काय संबंध? सरस तेलात विरघळत नाही. जुनी फडकी कढत पाण्यात बुडवून दांड्याभोवती गुंडाळली, दर दहा मिनिटांनी बदलली. पाऊण तासाने भाच्याने दांडा नुसता हाताने वर उचलला आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू मी मुद्दाम एक दिवस लपवून ठेवलं होतं. धुताना म्हणूनच पहिलं पाणी कोमट घ्यायचं. एकदम कढत मारलं तर प्रथिनं जागच्या जागी शिजून बसतात. भुसा आणि मांसाचे कण आधी वाहून जाऊ द्यायचे, चरबीसाठी गरम पाणी नंतर. कॉस्टिक सोडा चरबी झकास काढतो, पण ॲल्युमिनियमच्या भागांना खातो, तेव्हा तो जपूनच.

आता चाक. वरच्या चाकात ६२०५ नंबरच्या दोन बेअरिंग, २५ मिलिमीटर शाफ्टवर. रबरी सील कधीच फाटलेले, आतलं ग्रीस साबणासारखं पांढरं झालेलं. खटपट करून चाक बाहेर काढलं, तर त्याबरोबर मागच्या बेअरिंगची बाहेरची रेस, म्हणजे कडी, आली, गोळ्या जमिनीवर सांडल्या आणि आतली रेस शाफ्टवर राहिली. पुलरला पकडायला जागा नाही. अशा वेळी मी भांडत बसत नाही. पातळ ग्राइंडिंग चाकाने रेसवर आडवी चीर पाडायची, शाफ्टला स्पर्श होण्याच्या अर्धा मिलिमीटर आधी थांबायचं, चिरेत छिन्नी उभी धरायची, वर ओलं गोणपाट, डोळ्यांवर चष्मा, आणि एकच ठोका. बेअरिंगचं पोलाद इतकं कडक असतं की ते वाकत नाही, काचेसारखं तडकतं. खाडकन दोन मिलिमीटरची फट पडली आणि रेस हाताने निघाली. गोणपाटाखाली, लक्षात ठेवा. तुकडा उडाला तर तो गोळीसारखा जातो.

रेसच्या खालचा शाफ्ट तांबूस-तपकिरी पुडीने माखलेला. भाचा म्हणाला, "शाफ्ट गेला." मायक्रोमीटर लावला. पॉलिश पेपर मारल्यावर २४.९८. "पंचवीसला दोन शतांश कमी आहे मामा, बेअरिंग सैल बसेल."

सैलच बसायला हवी. या मशीनवर शाफ्ट स्थिर असतो आणि चाक फिरतं. म्हणजे जोर आतल्या रेसच्या कायम एकाच जागेवर येतो, बाहेरच्या रेसवर मात्र चहूबाजूंनी फिरत राहतो. जी फिरते ती रेस घट्ट हवी, म्हणजे चाकातली. शाफ्टवरची हाताने सरकेल अशीच. मोटरमध्ये याच्या उलट, तिथे शाफ्ट फिरतो. या सरकत्या बैठकीतच पाणी शिरलं होतं, आणि थरथरीने घासून धातूची ती पूड झाली होती. नवीन बेअरिंग बसवताना शाफ्टवर वंगणाचा पातळ हात दिला. एच-१ वर्गातलं, म्हणजे चुकून अंशभर अन्नाला लागलं तरी चालेल असं. काही जण इथे खायचं तेल सोडतात. करू नका. ते हवेत राहून वार्निशसारखं घट्ट होतं आणि सहा महिन्यांनी मला फोन येतो. माझं ते गिअर-तेल आणि अ‍ॅसिटोन तर शेवटचा थेंब पुसून, सगळं धुऊन, वाळवूनच मशीन परत जोडायचं.

खालच्या चाकाचा नट काढताना एकच सूचना. काही मशीनवर तिथे उलटे आटे असतात. पूर्वी एकदा मी पान्याला चार फुटी पाइप लावून जिवाच्या आकांताने नट 'सोडवत' होतो, म्हणजे खरं तर आवळत होतो. शाफ्टचं टोकच पिळून हातात आलं. तेव्हापासून टोकाशी कानसाने घासून आट्याची उतरण कुठल्या बाजूला आहे ते बघतो, मगच पाइप शोधतो.

टेबलाच्या घसरत्या पाटाचा एक बोल्ट सोडवता आला नाही. एम-८, स्टेनलेसचा बोल्ट स्टेनलेसच्याच नटात. गंज नाही, सरस नाही. आवळताना दोन्हींवरचा संरक्षक थर घासला गेला की धातूच धातूला चिकटतो, आणि मग तो तेलानेही सुटत नाही, वेळ देऊनही नाही. फिरवत राहिलं तर आणखी घट्ट होतो. कापला, उरलेला भाग ६.८ च्या ड्रिलने काढला. हळू वेग आणि भरपूर दाब, कारण स्टेनलेसवर ड्रिल नुसतं घासत बसलं तर स्टेनलेस जागीच कडक होतं. मग टॅप मारून, म्हणजे आटे पाडून, नवा बोल्ट, आट्यांना अँटीसीझ, म्हणजे धातू चिकटू न देणारी पेस्ट, लावून.

जोडाजोड झाल्यावर मोटरची दिशा पाहिली. थ्री फेजमध्ये कुणी दोन वायरी अदलाबदल केल्या असतील तर पातं वर जायला लागतं, आणि दात मात्र खाली बघत असतात. बरोबर होती. नवीन पातं घातलं, चाकं आधी हाताने दहा-बारा फेरे फिरवली, मग क्षणभर वीज. पातं चाकाच्या कडेकडे सरकत होतं, वरच्या चाकाचा कल थोडा बदलल्यावर मधोमध बसलं.

निघताना मालकांना ताणाचं हँडल दाखवलं. रोज काम संपलं की पातं काढायचं, धुवायचं, आणि दारं उघडी ठेवून वाळू द्यायचं. ते म्हणाले, "आणि सकाळी परत ताण किती द्यायचा ते कसं कळणार?" हा माझ्या ध्यानात नसलेला मुद्दा. स्प्रिंगच्या मागच्या पत्र्यावर योग्य ताणाला एक रेघ कोरून दिली.

खालच्या चाकाचा खरडा अजून बसवायचाय. जुन्याची धार इतकी झिजली होती की तो चाक साफ करण्याऐवजी चरबी नुसती पसरत होता. नवा आला की परत जाणं आहे. भाच्याने चिरलेली रेस घरी नेलीय, आईला दाखवायला.