ईमला जा, पण सर विल्यम हिलवरून नको

नावापासूनच फसगत. स्पेलिंग वाचून मी शेफिल्ड स्टेशनवर 'एयाम, एयाम' करत होतो. खिडकीतल्या बाईंनी शेवटी विचारलं, "ईम?" हो, तेच. डर्बीशरमधलं प्लेगचं गाव.

दुसरी फसगत एका ओळखीच्याने केली. "ग्रिंडलफर्डला उतर, तिथून रमतगमत अर्धा तास." गाडी टॉटलीच्या लांबलचक बोगद्यातून बाहेर आली की लगेच ग्रिंडलफर्ड येतं, एवढंच त्याचं खरं निघालं. पुढे डर्वेंट नदीपर्यंत उतार आणि पलीकडे सर विल्यम हिलचा रस्ता. याला वळणं माहीत नाहीत, नाकासमोर वर. टेकडी 429 मीटर, माथ्यावर ट्रान्समीटरचा खांब, आणि तो खांब काही केल्या जवळ येत नाही. गाडी आली की दगडी भिंतीला पाठ चिकटवून उभं राहायचं. सिंहगड दर रविवारी चढणाऱ्यालाही हा कंटाळवाणा वाटेल. मला स्टेशनपासून गावात पोचायला पावणेदोन तास लागले.

उतरताना आधी मॉम्पेसनची विहीर लागते. विहीर कसली, साधा झरा. पण गोष्ट इथेच आहे. सप्टेंबर 1665 मध्ये लंडनहून आलेल्या कापडाबरोबर पिसवा आल्या असं मानतात. ते कापड उघडणारा शिंप्याचा मदतनीस जॉर्ज विकर्स पहिला गेला. पुढच्या उन्हाळ्यात पाद्री विल्यम मॉम्पेसन आणि नव्या कायद्यामुळे पाद्रीपद गेलेला, तरी गावाचा विश्वास असलेला थॉमस स्टॅन्ली, या दोघांनी मिळून, साथ बाहेर पसरू नये म्हणून, गावाला हद्दीतच राहायला राजी केलं. बाहेरचे लोक हद्दीवर धान्य ठेवत, पैसे इथे वाहत्या पाण्यात टाकलेले असत. जवळच्या चॅट्सवर्थच्या वाड्यातून डेव्हनशरचा अर्ल, म्हणजे तिथला सरदार, हाही रसद पाठवत होता. एकूण 260 माणसं गेली. 1897 च्या पुण्यात रँडचे सोल्जर घराघरांत घुसले, इथे गावाने आपणच कडी लावून घेतली. चढणीचा राग इथे उतरला.

चर्चच्या आवारात कबरींच्या रांगा शोधू नका. ज्याने त्याने आपली माणसं परसात, शेतात पुरली. आवारात पाहायची ती मॉम्पेसनच्या बायकोची, कॅथरीनची कबर आणि आठव्या शतकातला सॅक्सन क्रूस. रायली ग्रेव्ह्ज मात्र चुकवू नका. गावाबाहेर, माळावर गोल दगडी भिंत. एलिझाबेथ हॅनकॉकने ऑगस्ट 1666 मध्ये नवरा आणि सहा मुलं आठ दिवसांत एकटीने पुरली ती इथे.

स्टोनी मिडल्टनच्या बाजूला हद्दीचा दगड आहे, त्यात सहा भोकं. नाणी व्हिनेगरमध्ये बुडवून यात ठेवत. मी एकात बोट घातलं. कडा गुळगुळीत झालेल्या, तळाशी पावसाचं पाणी आणि एक कुजकं पान.

दुसऱ्या दिवशी चॅट्सवर्थ पाहिलं. छान आहे.

परतीला पाय उचलेनात, म्हणून टॅक्सी केली. स्टेशनपर्यंतच्या चार-पाच किलोमीटरला 25 पाउंड, वर "संध्याकाळ झाली ना" हे कारण. शेफिल्डहून बक्स्टनकडे जाणारी बस थेट गावात थांबते, हे मला त्याच टॅक्सीत कळलं. फेऱ्या मोजक्या असतात, शेवटच्या बसची वेळ सकाळीच लिहून घ्या.