कपलर कापू नका, शोधला की मिळतो

गाडीचा कपलर (वायरी एकमेकींना जोडणारा, काढता-घालता येणारा प्लास्टिकचा प्लग) जळाला की आपल्याकडे उपाय ठरलेला असतो: "काप अन् डायरेक्ट जोड." अंबाजोगाईत माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. हे वाक्य गिऱ्हाईक म्हणतं, ड्रायव्हर म्हणतो, शेजारचा मेकॅनिकही म्हणतो. मी तसं करत नाही. गाडी एखादा दिवस जास्त उभी राहिली तरी चालेल, पण कपलरच्या जागी कपलरच बसला पाहिजे.

डायरेक्ट जोडलेली वायर पुढच्या कामाला पुन्हा कापावी लागते. दर वेळी ती आखूड होते, मग ताणून बसवतात. वर टेप. आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात बोनेटखाली त्या टेपचा डिंक सुटतो, टेप घसरते आणि उघडं तांबं बॉडीला लागायला मोकळं होतं. इंजिनजवळ तर पेट्रोलही असतं. लेकरंबाळं घेऊन लोक त्याच गाडीत परळीला, तुळजापूरला जातात.

सगळ्यात जास्त जळतो तो हेडलाइटचा तीन पिनांचा एच-४ कपलर. मूळ बल्ब ६०/५५ वॉटचा असतो आणि लोक त्यात १००/९० चा टाकतात. १२ व्होल्टवर ५५ वॉटला साडेचार अँपिअरच्या आसपास करंट लागतो, १०० वॉटला आठाच्या वर. पिन सैल होऊन किंवा हिरवी पडून तिथे नुसता ०.१ ओहमचा अडथळा आला, तर साडेचार अँपिअरला दोन वॉट उष्णता होते आणि आठ अँपिअरच्या वर साडेसहा-सात वॉट. करंट दुप्पट झाला की उष्णता चौपट होते. नखाएवढ्या पिनेवर एवढी उष्णता तासभर राहिली तर प्लास्टिक कसं टिकेल? हाच कपलर चिनीमातीच्या होल्डरच्या रूपात कुठल्याही पार्टच्या दुकानात मिळतो, रिलेच्या (बॅटरीतून थेट करंट देणाऱ्या स्विचच्या) किटसकटही मिळतो. पण तो उष्णता फक्त सोसतो. पिन सैलच राहिली तर वायर पुढे जळतेच.

एच-४ मिळणं सोपं आहे. अवघड असतात ते सेन्सरचे, इंजेक्टरचे, रेडिएटर फॅनचे कपलर. दुकानदार पहिला प्रश्न विचारतो, "गाडी कोणती?" खरं तर त्याने फार काही कळत नाही. बहुतेक कपलर गाडीची कंपनी स्वतः बनवत नाही. याझाकी, सुमितोमो, टीई (जुने लोक अजून एएमपीच म्हणतात), बॉश हे बनवणारे वेगळे, आणि एकाच आकाराचा कपलर वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्यांत निघतो. म्हणून गाडीचं नाव बाजूला ठेवून कपलर हातात घ्यायचा.

मी तो आधी दात घासायच्या जुन्या ब्रशने स्वच्छ करतो, उन्हात तिरपा धरतो आणि मोबाइलच्या कॅमेऱ्यातून मोठा करून बघतो. कुठेतरी नंबर कोरलेला असतो. याझाकीचे बरेच नंबर ७२८२ किंवा ७२८३ ने सुरू होतात, सुमितोमोचे ६१८८ किंवा ६१८९ ने. 'पीबीटी' किंवा 'पीए६६' असं दिसलं तर ते प्लास्टिकचं नाव आहे. त्यावर शोधत बसलात तर काहीही हाती लागणार नाही. कोपऱ्यातले बारीक १, २, ३ हे पिनांच्या घरांचे क्रमांक असतात. कुठल्या घरात कुठल्या रंगाची वायर होती, हे उकलायच्या आधी लिहून ठेवा आणि वर फोटोही काढा.

नंबर पुसला असेल तर समोरच्या मेल (आत घुसणाऱ्या) पिनेची रुंदी व्हर्निअरने, म्हणजे बारीक मापाच्या पट्टीने, मोजायची. ०.६४, १.५, २.३, २.८, ४.८, ६.३ मिलिमीटर हीच मापं पुन्हा पुन्हा भेटतात. तारेच्या क्लिपचा जो जुना दोन पिनांचा इंजेक्टर कपलर असतो, त्याला २.८ ची पिन लागते. माप कळलं, पिना मोजल्या, खाच कुठल्या बाजूला आहे आणि आत रबर सील आहे का हे पाहिलं, की निम्मं काम झालं.

नेहमीचे कपलर लातूरला मिळतात. न मिळणारे मी संभाजीनगरला भंगारातल्या गाड्यांचे भाग विकणाऱ्यांकडून मागवतो, पाकीट ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरकडे देतात. माझी अट एकच असते: कपलर वीतभर वायरीसकट कापून द्या. नुसतं प्लास्टिक आलं तर आतल्या पिना शोधण्यात पुन्हा वेळ जातो. आलेल्या कपलरचं लॉक शाबूत आहे का ते बघतो, मग त्याच मापाची एक सुटी मेल पिन प्रत्येक घरात घालून ओढतो. जिथे ती घट्ट धरली जात नाही, तिथली पिन बदलायची. पिन काढताना आधी आडवं लॉक उचलायचं (ते बहुधा वेगळ्या रंगाचं असतं) आणि मग घड्याळजीच्या बारीक स्क्रू ड्रायव्हरने आतली जीभ दाबायची. जोर करायचा नाही, जीभ तुटली की ते घर गेलं.

नवी पिन बसवताना पक्कडीने चेपू नका. तिला पंखांच्या दोन जोड्या असतात. पुढची उघड्या तांब्यावर, मागची वायरीच्या प्लास्टिकवर आणि सील असेल तर सीलवर. त्यासाठी क्रिंपिंगचं, म्हणजे हे पंख दाबून वळवायचं, वेगळं हत्यार येतं, ते घ्याच. त्यावर वरून डाग मारायची सवय आपल्याकडे पुष्कळांना आहे. कथील तारांच्या आत वर चढतं, तेवढा तुकडा कडक होतो आणि गाडीच्या थरथरीने जिथे कडकपणा संपतो तिथे वायर तुटते. बाहेरून प्लास्टिक चांगलं दिसतं, आत तांबं तुटलेलं. असा फॉल्ट शोधायला सगळ्यात जास्त वेळ जातो.

दसऱ्यानंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघतील. ट्रॅक्टर आणि ट्रॉलीमधलं सात पिनांचं सॉकेट हाही कपलरच आहे आणि तोच सगळ्यात आधी कापला जातो, कारण ट्रॉल्या बदलतात. मग रात्री मागचा लाल दिवा बंद, ट्रॉलीवर माणसं, आणि मागून येणाऱ्याला काही दिसत नाही. सॉकेटवर नंबर असतात: १ डावा इंडिकेटर, ४ उजवा, ३ अर्थ (अर्थिंगची वायर), ६ ब्रेक, ५ उजवा आणि ७ डावा मागचा दिवा. दोन्हीकडे याच नंबरांनी वायरी लावल्या तर ट्रॉली कुठलीही आली तरी प्लग घातला की दिवे लागतात. मुकादमांनी आणि ट्रॅक्टरवाल्यांनी निघायच्या आदल्या दिवशी येऊ नये, पोळा झाला की यावं. सॉकेट आणि प्लग मी आधीच मागवून ठेवतो, ट्रॉली मात्र सोबत आणा, कारण तिची अर्थची वायर बहुतेक वेळा तुटलेलीच असते.