आमची वाटचाल : फेकलेला बॉल परत आणून द्यायचा धंदा

धंदा काय करता असं कोणी विचारलं की मी सांगतो, बॉल परत आणून देतो. लोक हसतात पण खरंच तेवढंच करतो. पोरगं ड्राइव्हवेवर एकटं उभं राहून बेसबॉलचं पिचिंग (म्हणजे आपल्याकडची बॉलिंग) करतं, समोर बॉल झेलणारा कॅचर नाही, बॉल पडद्यावर आदळतो, खाली झोळीत पडतो आणि पाइपच्या रुळावरून घरंगळत त्याच्या पायाशी येतो. मोटर नाही, वायर नाही, चार्जिंग नाही.

सुरुवात 2014 च्या ऑगस्टमध्ये झाली. आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो, मी मूळचा इचलकरंजीचा, वडलांचे माग होते, मी आयटीत. त्या वर्षी विल्यम्सपोर्टच्या लिटल लीग वर्ल्ड सिरीजमध्ये (लहान पोरांच्या बेसबॉलची जागतिक स्पर्धा) मोने डेव्हिस या 13 वर्षांच्या मुलीने समोरच्या टीमला एकसुद्धा रन काढू दिला नाही, मुलीने तिथे असं पहिल्यांदाच केलं होतं आणि बॉल टाकत होती 70 मैलांच्या स्पीडने. (मोने ऐकून बायकोला आधी वाटलं आपल्यातलीच कोणीतरी.) आमची लेक तेव्हा 9 वर्षांची, टीव्हीसमोरून हलेना, म्हणाली मला पिचर व्हायचंय. मग काय, सगळ्यांनी सल्ले दिले की मुलगी आहे तर सॉफ्टबॉलला (बेसबॉलसारखाच खेळ, बॉल मोठा, मुली बहुतेक तोच खेळतात) घाला, ती ऐकेना.

आता पिचर म्हटलं की कॅचर लागतो आणि कॅचर म्हणजे मी. गल्लीत टेनिस बॉलने क्रिकेट खेळलेला माणूस, ग्लोव्हची सवय नाही, लिटल लीगमध्ये त्या वयाला पिचरपासून होम प्लेटपर्यंत (बॅटवाल्याजवळची जमिनीतली पाटी) अंतर 46 फूट, बॉल 5 औंसाचा आणि दगडासारखा. दुसऱ्याच आठवड्यात अंगठा सुजला. ऑफिसातून यायला सात वाजायचे, तोपर्यंत पोरगी बॉल हातात घेऊन पायरीवर बसलेली, ते बघवायचं नाही. स्प्रिंगचं नेट आणलं, त्यात बॉल बरोबर मधे लागला तरच परत येतो, नाहीतर शेजारच्या झुडपात. 9 वर्षांच्या पोरीचे मधे लागणारे बॉल किती असणार? दहा बॉल टाकायचे आणि वीस मिनिटं शोधायचे. मग ताडपत्री चारी बाजूंनी ताणून बांधली तर ती ढोलासारखी वाजायला लागली आणि बॉल कुठेही उडायचा.

एका रविवारी वैतागून गॅरेजच्या आडव्या पाइपवर घरातली गोधडी टाकली, आईने जुन्या लुगड्यांची शिवून दिलेली, जड, आणि खालून मोकळी सोडली. बॉल आला, थप्प, आणि सरळ खाली. परत टाकला, परत तिथेच. ताणलेल्या कापडाला जोर गिळता येत नाही, सैल आणि जड कापड तो स्वतःच्या हलण्यात जिरवतं, हे मला इंजिनिअरिंगला शिकवलं असणार पण कळलं गोधडीकडून. पुढे आई इकडे आली तेव्हा तिने गॅरेजमध्ये ती बघितली आणि म्हणाली, "हितं टांगाय दिलती व्हय रं?" दोन दिवस बोलली नाही. आता पडद्यात मूव्हिंगवाले फर्निचरवर टाकतात ती गोधडीसारखी जाड ब्लँकेट दोन थरांत असतात, वर व्हिनाइल आणि त्यावर स्ट्राइक झोन (पिचरचा बॉल ज्यातून गेला पाहिजे तो चौकोन) रंगवलेला, खाली होम प्लेटच्या मापाची 17 इंची पट्टी.

बॉल पडला, आता परत कसा आणायचा? शेजारी एक रिटायर्ड प्लंबर आजोबा राहतात, माझी धडपड कुंपणावरून बघत होते. एक दिवस आले आणि म्हणाले ड्रेनच्या पाइपला फुटाला पाव इंच उतार देतात, तेवढा देऊन बघ. दोन कंड्युट पाइप (वायरिंगचे असतात ते) शेजारी शेजारी ठेवून रूळ केला. नवा बॉल यायचा, पण शिवण उसवलेला किंवा ओला बॉल अर्ध्या वाटेत थांबायचा (एका बॉलवर 108 दुहेरी टाके असतात, ती उंच शिवण रुळावर डुगडुगते). मग पहिल्या 10 फुटांना अर्धा इंच आणि पुढच्या 30 ला पाव असा हिशोब बसला, म्हणजे एकूण साडेबारा इंच. त्याच्यावर झोळी उंच नेता येत नाही कारण लहान पोरांचा स्ट्राइक झोन गुडघ्यापासून सुरू होतो, झोळी त्याच्या खालीच पाहिजे. आजोबा आजही पार्टनर आहेत, पगार घेत नाहीत, मसाला डोसा घेतात.

टीममधल्या पालकांनी बघून मागितले म्हणून शनिवार-रविवारी गॅरेजमध्ये बनवायला लागलो, 2016 ला कंपनी रजिस्टर केली. बाहेरच्या राज्यातून ऑर्डर आली तेव्हा कळलं की कंड्युट पाइप 10 फुटी, म्हणजे 120 इंच, आणि पार्सलवाले 108 इंचांच्या वर घेत नाहीत. पाइप मधोमध कापले तर जोडावर बॉल उडी मारायचा. जोडाच्या आतून बुशिंग (छोटी नळी) घालण्यात पूर्ण हिवाळा गेला, आणि त्याच हिवाळ्यात थंडीने व्हिनाइल पत्र्यासारखं कडक होतं हेही कळलं, ते एक वेगळंच प्रकरण.

पण खरी गोष्ट पुढची आहे आणि ती लिहायला मला आवडत नाही. आमचा बॉल सहा-सात सेकंदात परत यायचा, आम्ही जाहिरातीत तेच मोठ्या अक्षरात लिहायचो. लेक 11 वर्षांची असताना एक दिवस जेवताना डाव्या हाताने चमचा धरला. विचारलं तर म्हणे असंच. कोपर आतल्या बाजूने दुखत होतं, डॉक्टरांनी एक्स-रे बघून सांगितलं वाढीच्या हाडाला सूज आहे, याला लिटल लीग एल्बोच म्हणतात, सहा आठवडे बॉलला हात लावायचा नाही. किती टाकते रोज असं त्यांनी विचारलं आणि मला उत्तर देता आलं नाही. लिटल लीगचे नियम कडक आहेत, 11-12 वर्षांच्या पिचरला दिवसाला 85 पिच, 66 किंवा जास्त झाले की चार दिवस विश्रांती, पण ते मॅचचं झालं. घरी कोण मोजतंय? कॅचर असता तर तो दमला असता. आमचा कॅचर दमतच नव्हता!

तीन महिने एकही सेट विकला नाही. रात्री अण्णांना, म्हणजे वडलांना, फोनवर सगळं सांगितलं तर ते म्हणाले मागाला आडवे धागे मोजणारा पिक काउंटर असतो, तुझ्याला का नाही? त्यांनी फोनवरूनच रॅचेटची चकती आणि खिट्टी समजावली, मी इकडे कागदावर काढत होतो. आता प्रत्येक बॉल जाताना एका दात्याने चकती पुढे सरकवतो, 50 दाते झाले की झडप पडते आणि बॉल रुळाऐवजी पेटीत जातो. शिवाय रुळाच्या शेवटी दोन वळणं घातली, बॉल आता 15 सेकंदांनी येतो. मोठ्यांच्या मेजर लीगमध्ये 2023 पासून पिच क्लॉक (पुढचा बॉल टाकायची वेळ मोजणारं घड्याळ) आलंय, बेसवर कोणी नसेल तर तिथेही 15 सेकंदच मिळतात, मग पोरांना काय घाई आहे. गिऱ्हाइकं आधी रागावली, स्लो आहे म्हणून दोन सेट परत आले, आम्ही पैसे दिले. झडप हाताने उचलून परत चालू करता येते आणि पोरं तेवढी हुशार असतातच, पण निदान उठून तिथपर्यंत चालत जावं लागतं.

2020 च्या उन्हाळ्यात सगळं बंद, लिटल लीगची वर्ल्ड सिरीजसुद्धा रद्द, तेव्हा मात्र ऑर्डरी सांभाळता येईनात, गॅरेजमधून गाड्या बाहेर काढल्या त्या अजून बाहेरच आहेत. लगेच 2021 ला स्टीलचे भाव असे चढले की जुन्या भावात घेतलेल्या ऑर्डरींत घाटा खाल्ला. नोकरी मी अजून सोडलेली नाही.

लेकीने 14 व्या वर्षी पिचिंग सोडलं, अंतर एकदम 60 फूट 6 इंच होतं आणि तिला तोपर्यंत सेकंड बेसची फील्डिंग जास्त आवडायला लागली होती. सध्या ती कॉलेजमधून आमची ईमेलं बघते आणि मोटर लावा म्हणणाऱ्यांना माझ्यापेक्षा कडक उत्तरं देते. सॉफ्टबॉलवाल्यांसाठी 12 इंच घेराच्या बॉलचा सेट काढतोय, रूळ तोच चालतो, झोळीचं भोक मोठं करावं लागलं, वळणांवर अजून अडकतो. सीझन एप्रिलला सुरू होतो, त्यामुळे ज्याला पाहिजे त्याने फेब्रुवारीतच सांगा, मार्चमध्ये आजोबा फ्लोरिडाला जातात.