माझा अनुभव: क्योतोतलं जुनं हस्तलिखित आणि अर्जातला एक रकाना

‘मूळ प्रतच पाहण्याची गरज का?’ असा एक रकाना जुनं हस्तलिखित पाहण्याच्या अर्जात असतो. दोन ओळींची जागा. जपानच्या दरबारी कवितेवर काम करणाऱ्याचं घोडं अडतं ते इथे. माझंही अडलं, आणि पानगळ सुरू होऊन संपली तरी अडलेलंच होतं. अजूनही तो रकाना आठवला की चिडचिड होते. पुण्यात जपानी शिकून तिकडे संशोधनाला जाणारी मुलं मला या परवानग्यांबद्दल विचारत असतात, म्हणून एकदाचं लिहून काढते.

माझा विषय बाराव्या-तेराव्या शतकातले दरबारी सरदार आणि त्यांनी कवींना दिलेला आश्रय. आश्रय म्हणजे नुसती बिदागी नव्हे. पद, बढती, जमिनीचं उत्पन्न, कुठल्या दालनापर्यंत पाऊल टाकायची मुभा, हे सगळं त्यात आलं. कुजो घराण्यातल्या योशित्सुनेने ११९३ च्या सुमारास काव्यस्पर्धा भरवली. बारा कवी, शंभर विषय, प्रत्येकाची प्रत्येक विषयावर एक कविता, म्हणजे बाराशे कविता, आणि दोन-दोन समोरासमोर ठेवून सहाशे जोड्या. निकाल द्यायला वयोवृद्ध फुजिवारा नो शुन्झेई. त्याचे शेरे विरुद्ध गटातल्या केन्शोला इतके झोंबले की त्याने त्यांचं लेखी खंडन केलं. ११९६ मध्ये कुजो घराणं सत्तेवरून फेकलं गेलं आणि त्यांच्या छायेतले कवी, शुन्झेईचा मुलगा तेइकासुद्धा, उघड्यावर आले.

अशा स्पर्धांच्या प्रतींमध्ये मला रस असतो तो परीक्षकाच्या शेऱ्यांत. कुठे शब्द खरवडले, कुठे कागदाचा तुकडा जोडला, कुणाच्या नावापुढची पदवी मागाहून बदलली, यावरून ती प्रत कोणत्या घरासाठी तयार झाली ते कळू शकतं. फोटोत शाई दिसते, खरवडलेला कागद दिसत नाही.

विद्यापीठाच्या ग्रंथालयाचं शिफारसपत्र, ओळखपत्राची प्रत, मार्गदर्शकांची सही, हे सगळं विनासायास झालं. मग मला हवी असलेली प्रत क्योतोतल्या ज्या संग्रहात होती, त्याच्या खिडकीवर अर्ज दिला. रकान्यात लिहिलं होतं, ‘पाठाच्या अभ्यासासाठी.’ उत्तर आलं, छायाचित्रं उपलब्ध आहेत, कृपया ती पाहावीत. मी ती आधीच पाहिली होती आणि अर्जातही तसं नमूद केलं होतं. मग मी प्रतीचं महत्त्व सांगणारं सविस्तर पत्र जोडलं. तेही परत आलं, तितक्याच सौजन्याने. फोन केला की ‘विचार चालू आहे’. तेवढ्यात कागदांना हवा देण्याचे दिवस आले आणि वाचनकक्षच बंद झाला. (हे आधीच सांगायला हवं होतं: बऱ्याच जुन्या संग्रहांत शरद ऋतूत हे काम असतं. अर्ज वसंतातच करा.)

मला राग नियमाचा नाही. आठशे वर्षांचा कागद येईल त्याच्या हाती देऊ नये हे मला पूर्ण मान्य आहे. राग याचा की नेमकं काय लिहिलं म्हणजे पुरेल, हे तिथलं कुणीही सांगत नव्हतं. स्पष्ट नकारही मिळत नव्हता. नकार मिळाला असता तर मी दुसरी प्रत शोधली असती. शिष्यवृत्तीची मुदत सरत होती आणि मी टपालपेटी उघडून पाहत होते.

त्या दिवसांत मी शुन्झेईचा १२०० सालचा अर्ज पुन्हा वाचायला घेतला. निवृत्त सम्राट गो-तोबाने निवडक कवींकडून शंभर-शंभर कविता मागवल्या, आणि फक्त ज्येष्ठांनाच घ्यायचं या कारणाने तेइकाला वगळलं. तेइका तेव्हा जुन्या जपानी गणतीने ३९ वर्षांचा. यामागे प्रतिस्पर्धी रोकुजो घराण्यातल्या सुएत्सुनेचं कारस्थान आहे असा त्याचा संशय होता, आणि तो त्याने रोजनिशीत नोंदवून ठेवला आहे. तेव्हा ८७ वर्षांच्या बापाने थेट गो-तोबाला पत्र लिहिलं, तेही औपचारिक चिनी भाषेत नाही, काना लिपीत, साध्या जपानीत. मुलगा गुणी आहे एवढंच म्हणून तो थांबला नाही. पूर्वीच्या शंभर-कवितांच्या उपक्रमांचे दाखले देऊन त्याने वयाची अट मुळापासूनच उखडली. तेइकाला परवानगी मिळाली. त्याच्या कविता गो-तोबाला इतक्या आवडल्या की लगोलग त्याला राजवाड्याच्या अंतर्दालनात प्रवेश मिळाला. पुढच्याच वर्षी गो-तोबाने काव्यकचेरी, म्हणजे शाही काव्यसंग्रहाचं काम पाहणारी कचेरी, पुन्हा उभी केली, आणि १२०५ च्या ‘शिनकोकिनशू’ या शाही संग्रहाच्या संपादकांत तेइका होता.

मी पत्र नव्याने लिहिलं. महत्त्व वगैरे सगळं काढून टाकलं. कुठल्या छायाचित्रात, उजवीकडून कितव्या ओळीत, कोणत्या अक्षराभोवती शाई पसरलेली दिसते. तिथला कागद खरवडलेला आहे की नुसता झिजलेला, हे तिरक्या उजेडाशिवाय का ठरत नाही. किती मिनिटं लागतील. बाकी गुंडाळी उघडायची गरज नाही. सोबत छायाचित्रावर खुणा करून दिल्या. या वेळी मंजुरी आली. तो रकाना कसा भरायचा हे मला कचेरीने नाही, शुन्झेईने शिकवलं, आणि याचा मला अभिमान आहे.

पाठपोटाचं विसरू नका. तेइकाने आपली रोजनिशी बरीचशी पाठकोऱ्या कागदांवर लिहिली, आलेल्या पत्रांच्या मागच्या बाजूवर. तुमच्या प्रतीच्या मागेही मजकूर असेल तर अर्जात तो वेगळा मागा, नाहीतर गुंडाळी उलटून दाखवत नाहीत.

अशा प्रती सांभाळणारी जुनी घराणी कागदाला इतकी का जपतात, हेही समजून घ्या. त्यांचे हक्क कागदावरच ठरायचे. तेइकाचा मुलगा तामेइए याने हारिमा प्रांतातली होसोकावा जहागीर आधी थोरल्या तामेउजीला दिली, मग काढून धाकट्या तामेसुकेच्या नावे केली. तामेइए गेल्यावर थोरला ती सोडेना. तामेसुकेची आई आबुत्सु ही भिक्षुणी, तरी १२७९ मध्ये क्योतोहून थेट कामाकुराला, लढवय्यांच्या राजवटीच्या ठाण्यावर, फिर्याद घेऊन गेली, कारण दिलेलं दान बापाने परत घेणं लढवय्यांच्या कायद्याला मान्य होतं. निकाल लागायच्या आधीच ती वारली. तामेसुकेच्या बाजूचा अखेरचा निकाल लागला १३१३ मध्ये. तामेसुकेपासून रेइझेई घराणं चाललं, आणि तेइकाच्या हातची रोजनिशी आजही क्योतोत त्याच घराण्याच्या संग्रहात आहे.

प्रत्यक्ष पाहणीच्या दिवशी घड्याळ, अंगठ्या, बांगड्या काढून ठेवाव्या लागतात. पेन चालत नाही, फक्त पेन्सिल. हात साबणाने धुऊन अगदी कोरडे करायचे. मला हातमोजे दिले नाहीत, पातळ कागद बोटांनाच नीट कळतो. दिवा तिरका धरायला तिथल्याच बाईंनी मदत केली. कागद खरवडलेलाच होता. अक्षराच्या खाली तंतू उठलेले स्पष्ट दिसले, आणि परीक्षकाचा तो शेरा आधी वेगळा होता हे पक्कं झालं.

छायाचित्र प्रबंधात छापायचं असेल तर त्याची परवानगी पुन्हा वेगळी, अर्जही वेगळा. पाहणीच्या दिवशीच त्याचा कोरा नमुना मागून घ्या.