शेवटच्या गाण्यातला ‘स’

रेकॉर्डचं पहिलं गाणं ऐकून कार्ट्रिजबद्दल, म्हणजे सुई आणि तिच्या थरथरीची वीज करणारी डबी यांच्याबद्दल, मत देणाऱ्या माणसावर माझा विश्वास बसत नाही. पहिलं गाणं सगळ्याच सुया बरं वाजवतात, टर्नटेबलसोबत खोक्यातून आलेलीसुद्धा. खरी झाडाझडती होते ती बाजूच्या शेवटच्या गाण्यात, लेबलच्या अगदी जवळ, आणि त्यातही गाणाऱ्याच्या तोंडून ‘स’ किंवा ‘श’ निघतो तेव्हा. ‘सांज’ म्हणताना सांजच ऐकू आली तर सुई चांगली. शिट्टी आणि तुषार एकदमच उडाले, तर मग तिची इतर कितीही स्तुती वाचली असली तरी ती विसरायची.

यामागचा हिशेब सोपा आहे. एलपी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, सुई कुठेही असो. पण बाहेरच्या कडेला एका फेऱ्यात सुईखालून आवाज कोरलेली सुमारे ९२ सेंटिमीटर खाच सरकते, तर लेबलपाशी जेमतेम ३८. म्हणजे सेकंदाला ५१ सेंटिमीटरचा वेग २१ वर येतो. तेवढाच आवाज निम्म्याहून कमी जागेत कोंबायचा! दहा हजार हर्ट्‌झचा एक हेलकावा बाहेरच्या कडेला ५१ मायक्रॉन लांब असतो, तर आत २१ मायक्रॉन. माणसाचा केसही साधारण ७० मायक्रॉनचा. आता स्वस्तातल्या गोल टोकाच्या, म्हणजे कॉनिकल सुईची त्रिज्या असते १५ मायक्रॉनच्या आसपास. हा ३० मायक्रॉन जाडीचा गोळा २१ मायक्रॉनच्या वळणावळणातून कसा जाणार? तो वळणं गाळतो, नाहीतर धडपडतो. एलिप्टिकल सुईची कड ८ मायक्रॉनपर्यंत बारीक असते, म्हणून ती आत शिरते. स्वस्त कार्ट्रिजांमधला निम्मा फरक इथेच संपतो, असं माझं मत आहे. बाकीच्या निम्म्यावर लोक वर्षानुवर्षं भांडतात.

तरी प्रत्येकीचा स्वभाव म्हणून काही असतोच. ऑडिओ-टेक्निकाची एटी३६००एल घ्या. कितीतरी स्वस्त टर्नटेबलांवर हीच बसवलेली असते. तीन ग्रॅमच्या आसपास वजन (सुईचा खाचेवरचा दाब) घेऊन ती खाचेत ठाण मांडून बसते, खर्ज भरघोस देते, आणि वरचे बारीक स्वर ‘असू दे’ म्हणून सोडून देते. तबल्याचा बायां तिच्यावर छान घुमतो. चाटेची, म्हणजे तबल्याच्या कडेवरच्या बोलाची, धार मात्र बोथट होते. तिच्यावर लोक हसतात, ते मला पटत नाही. तास-दीड तास सलग ऐकायचं असेल तर ती कान शिणवत नाही.

त्याच घरची हिरवी व्हीएम९५ई अगदी उलट. एलिप्टिकल सुई, दोन ग्रॅम वजन, आणि सगळं सांगून टाकायची घाई. झांजा, टाळ, गिटारच्या तारेवर नखाची खरड, सगळं समोर येतं. तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारांचा झंकार, पहिल्यांदा मोकळी ऐकू येते ती हिच्यावर. पण शेवटच्या गाण्यातला ‘स’ आला की हिचा धीर थोडा सुटतो. ऑर्टोफोनची २एम रेड जास्त ठसठशीत, खर्जात आटोपशीर, आवाज दोन पावलं पुढे येऊन उभा राहतो. कधीकधी जरा जास्तच पुढे. नागाओकाची एमपी-११० माझ्या कानाला सगळ्यांत समजूतदार वाटते. तपशील पुरेसा देते, आणि रेकॉर्डवरची खरखर उगाच चव्हाट्यावर आणत नाही. ग्राडोच्या लाकडी नसलेल्या, साध्या काळ्या कार्ट्रिजवर गाणारा गळा फार सुरेख उतरतो, मात्र काही टर्नटेबलांची मोटर जवळ आली की ती स्वतःच गुणगुणायला लागते.

हे सगळं लिहिताना मला माझ्याच कानांवर शंका घ्यावीशी वाटते, आणि तिला कारण आहे. २एम रेड ५.५ मिलिव्होल्ट देते, व्हीएम९५ई ४. फरक पावणेतीन डेसिबलचा. आवाजाची कळ न हलवता एक काढून दुसरी लावली की रेड ‘जिवंत’ वाटणारच, कारण ती मोठ्याने बोलते. मोठ्याने बोलणाऱ्याचं म्हणणं खरं वाटणं ही माणसाची जुनी खोड आहे. दोन्हींचा आवाज समान करून ऐकलं की जिवंतपणातला बराचसा भाग विरघळतो. त्यात कार्ट्रिज बदलायची म्हणजे चार बारीक तारा, दोन स्क्रू, वजन, कोन. एवढं होईपर्यंत आधीचा आवाज कानात राहतोच कुठे? राहतं ते आपण त्याबद्दल मनात केलेलं वाक्य. ‘ती जरा कोरडी होती.’ मग दुसरी आपोआप ओली वाटते.

तारेचंही एक प्रकरण आहे, ते फारसं कुणी मनावर घेत नाही. मूव्हिंग मॅग्नेट, म्हणजे सुईसोबत बारीक चुंबक हलवून वीज करणाऱ्या, कार्ट्रिजला पुढच्या तारेची आणि फोनो प्रीअँपची (तो क्षीण आवाज मोठा करणाऱ्या डब्याची) मिळून कपॅसिटन्स, म्हणजे वीज साठवायची क्षमता, दिसते. व्हीएम९५ मालिकेला ती १०० ते २०० पिकोफॅरड हवी, २एम रेडला १५० ते ३००. लांब तार आणि सढळ प्रीअँप मिळून ती वाढली की वरच्या पट्टीत एक उंचवटा तयार होतो, आणि मग बिचाऱ्या हिरवीला सगळे ‘कर्कश’ म्हणून मोकळे होतात. दोष तारेचा, बदनामी सुईची.

वजनाबाबतही असाच एक गैरसमज. रेकॉर्ड झिजू नये म्हणून सांगितल्यापेक्षा हलकं वजन ठेवणारे पुष्कळ आहेत. हलकी सुई जोराच्या सुरावर खाचेची भिंत सोडते आणि परत येऊन आदळते, म्हणजे जपायला गेलेली रेकॉर्डच ओरबाडली जाते. दिलेल्या मर्यादेतलं थोडं जड वजन त्यापेक्षा कितीतरी बरं. कोनाचंही तसंच. कागदी प्रोट्रॅक्टरवर, म्हणजे कोन मापायच्या आखीव कागदावर, दोन बिंदू जुळवून बसवलेली स्वस्त कार्ट्रिज, वाकडी बसवलेल्या महागड्या कार्ट्रिजला शेवटच्या गाण्यात सहज मागे टाकते.

मग पैसे कुठे घालायचे? मी म्हणेन, टोकात. व्हीएम९५ मालिकेत अंगकाठी सगळ्यांची एकच, बदलते ती फक्त सुई: गोल, एलिप्टिकल, आणि त्यांहून बारीक धारेच्या मायक्रोलिनियर, शिबाता. लाल मायक्रोलिनियर सुई लावली की शेवटच्या गाण्यातला ‘स’ एकदम शहाण्यासारखा वागतो. ती महाग, हे खरं. पण कंपनी एलिप्टिकलला ३०० तासांचं आयुष्य सांगते आणि मायक्रोलिनियरला १०००, तेव्हा तासाचा भाव काढला की महागपणा तितकासा टोचत नाही.

फक्त जुन्या, कुणाकुणाच्या हातून फिरून आलेल्या रेकॉर्डांवर बारीक सुई नेहमीच उपकार करते असं नाही. आधीच्या सुयांनी केलेले ओरखडेही ती तितक्याच निष्ठेने वाचते. तिथे निळी कॉनिकलच बरी, ती निम्म्या खुणांवरून नुसती घरंगळत जाते. दोन्ही एकाच कार्ट्रिजवर बसतात, वजनही तेच दोन ग्रॅम, त्यामुळे वजनाचा काटा पुन्हा काढायला नको. सुई पुढे खेचून काढायची आणि दुसरी आत सरकवायची, बोट तेवढं कँटिलिव्हरला, म्हणजे सुईचं टोक धरणाऱ्या नाजूक दांडीला, लागू द्यायचं नाही.