गाण्यात कुकरची शिट्टी कशी आली?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. घरच्या जुन्या कॅसेटमधलं गाणं कुणालाही पाठवलं की थोड्या वेळात उलट निरोप येतोच, "गाणं झकास, पण मध्येच कुकर कुठून वाजला?" एकीने तर स्वतःचा गॅस बघून आल्याचं कळवलं.

कुकर आमचाच. ठाण्यात किसननगरला एका खोलीचं आमचं घर. अण्णा वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात होते आणि इस्टेटची सुट्टी शुक्रवारी. जगाचा रविवार तो आमचा शुक्रवार. त्या दिवशी दुपारी विविध भारतीवर फर्माइशी गाणी लागली की अण्णा टेप करायला बसत. स्टेशनजवळ यादी दिली की कॅसेट भरून देणारे दुकानदार होते, पण त्याला पैसे पडत. शिवाय दुसऱ्याने भरलेली कॅसेट म्हणजे खानावळीचं जेवण, असं अण्णांचं मत.

रेडिओ आमचा होता, टेपरेकॉर्डर वरच्या मजल्यावरच्या काकांचा, दुबईहून आणलेला. या दोघांना जोडणारी वायर आमच्याकडे नव्हती. मग दोघांना पाटावर समोरासमोर बसवायचं. टेपच्या पुढच्या अंगाला जाळीआड बारीकसा माइक होता, तो रेडिओकडे करायचा. निवेदक फर्माइश करणाऱ्यांची नावं वाचत असे (फर्माइशींसाठी गाजलेलं झुमरीतलैया गाव आलं की अण्णा गालात हसत), मग सिनेमा, गायक, संगीतकार. तेवढ्या वेळात माझी दोन बोटं कळांवर तयार. रेकॉर्डची लाल कळ आणि प्लेची कळ एकदम दाबायची, नाहीतर नुसतीच कॅसेट वाजते. अण्णा हात वर धरत आणि खाली आणत. तोंडाने बोलायची बंदी होती, कारण तेही टेप होई. मग साडेतीन मिनिटं घरात कुणी हलायचं नाही. हा नियम आईला मान्य नव्हता. "तुमचं गाणं होईस्तोवर डाळ कच्ची ठेवू का?" हे तिचं वाक्य निदान चार कॅसेटवर आहे.

पण कुकर रेडिओपासून चांगला आठ फुटांवर होता, आणि तरी शिट्टी गाण्याच्या छातीवर बसल्यासारखी का वाजते? ह्याचं उत्तर मलाही फार उशिरा कळलं. तसल्या टेपरेकॉर्डरमध्ये रेकॉर्डिंगचा आवाज कमीजास्त करायचं बटण नसे. यंत्र स्वतःच पातळी सांभाळायचं. मोठा आवाज आला की दाबायचं, बारीक आला की उचलायचं. दाबतं क्षणात, उचलायला मात्र काही सेकंद घेतं. त्यामुळे शिट्टी झाली की गाणं एकदम खाली जातं आणि मग बिचकत बिचकत वर येतं. उलट गायिका ओळ संपवून थांबते, वाद्यंही विरतात, तिथे यंत्राला वाटतं काहीच ऐकू येत नाही, आणि ते कान ताणतं. तेवढ्यात आमचं घर आत शिरतं. नळाखालची बादली, जिन्यातल्या चपला, शेजारच्यांचं बाळ. आमच्याकडच्या गाण्यांत दोन ओळींच्या मध्ये शांतता म्हणून नाहीच.

दुसरा प्रश्न असतो, या गायिकेचा आवाज इतका कोवळा कसा? त्यालाही शुक्रवारच कारणीभूत. इस्टेट बंद म्हणून विजेची दुरुस्तीची कामंही त्याच दिवशी निघत आणि आमच्याकडची वीज बरेचदा जाई. मग टेप मोठ्या सेलवर चालवायचा. सेल महाग, म्हणून पुरे उतरेपर्यंत वापरायचे. मधूनच उन्हात ठेवायचे, की ते जरा जीव धरत. कॅसेटची पट्टी सेकंदाला ४.७६ सेंटीमीटर सरकायला हवी, पण सेल थकले की मोटर मंदावते. मंद चालीवर भरलेलं गाणं नंतर विजेवर नीट चालीत वाजवलं की ते पळतं आणि सूरही चढतो. एका कॅसेटवर तर गाणं पेटीच्या काळी दोनच्या सुराच्या आसपास सुरू होऊन काळी तीनकडे चढत जातं. मला पेटी येते म्हणून हे कळलं, एरवी आम्हाला ते तसंच पाठ होतं. याच शुक्रवारच्या कॅसेटांत विजेची गुणगुण मात्र अजिबात नाही, एवढा एक फायदा.

पुढे बोनसमधून आमचा स्वतःचा टू-इन-वन आला, दोन स्पीकरचा, स्टीरिओ. मीडियम वेव्हवरचं गाणं दोन्हीकडून सारखंच यायचं, पण दिसायला भारी. रेडिओ आणि टेप एकाच पोटात, त्यामुळे गाणं आतल्या आत टेप होऊ लागलं आणि आई मोकळी झाली. कुकर गेला. पण दुसरीच एक बारीक, अखंड शिट्टी आली! रेकॉर्डची कळ दाबली की सुरू, सोडली की बंद. आम्ही दोन महिने आकाशवाणीला दोष देत होतो. खरं म्हणजे रेकॉर्ड करताना टेप स्वतःची एक ऐकू न येणारी उंच लहर पट्टीवर सोडतो, ती रेडिओच्या लहरीत मिसळून ही शिट्टी होते. त्यासाठी पाठीमागे 'बीट' लिहिलेलं एक छोटं बटण होतं, ते सरकवायचं. अण्णांना ते गाण्याच्या ठेक्याचं वाटलं होतं.

टू-इन-वनवरच्या कॅसेटा साफ आहेत. त्या पाठवल्या तर कुणी काही विचारत नाही.

भाच्याने मध्यंतरी कॉम्प्युटरवर एका गाण्यातली शिट्टी पुसून दाखवली. शिट्टी गेली, पण गाणं तिच्यापुढे मान खाली घालतं ते तसंच राहिलं. विनाकारण दचकल्यासारखं वाटतं आता. मी त्याला पहिलंच परत ठेवायला सांगितलं.

कॅसेटचा वेग दुरुस्त करायचं काम मात्र मीच केलं, आणि त्याला आई लागली. शुक्रवारच्या कॅसेटमधलं तिचं डाळीचं वाक्य वाजवायचं आणि तिला विचारायचं. ती म्हणे, "मी अशी किनऱ्या आवाजात बोलत नव्हते. हळू कर." आणखी थोडं हळू केलं, आणखी थोडं. "हां, आता मी." मग सबंध गाणं लावलं. गाण्याकडे तिचं लक्षच नव्हतं. पहिली शिट्टी झाली, दुसरी झाली, अंतऱ्यात तिसरी झाली. गाणं संपलं, खट् करून कळ उचलली गेली.

"चार लागतात तुरीच्या डाळीला," आई म्हणाली, आणि मशीनकडे बघत राहिली.